चेनसॉची चेन: ब्रँडची पारख तिसऱ्या धारेनंतर

मशीनसोबत आलेली पहिली चेन संपते, तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदाच चेनकडे नीट बघतात. नवी घ्यायला गेलं की समोर चार-पाच डबे येतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट, आणि डब्याबाहेर काढल्या की सगळ्या चेन हुबेहूब सारख्या. ‘महागच घे, नाहीतर पस्तावशील’ म्हणणारे भेटतात, तसेच ‘पोलाद एकच, पैसे नावाचे’ म्हणणारेही भेटतात. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं, पण मोजून बहुधा कुणीच पाहिलेलं नसतं.

मोजणं काही अवघड नाही. एक ओंडका, एक घड्याळ, एक वही आणि थोडा धीर, एवढं पुरतं. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. नव्या चेनचा पहिला काप कारखान्यातल्या ग्राइंडरची करामत दाखवतो. चेन खरी कशी आहे, हे तुम्ही स्वतःच्या हातानं तिला दोन-तीनदा धार लावल्यावर कळतं. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: आधी मापं जुळवा

ब्रँडच्या आधी तीन आकडे हवेत: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे खाली दातरा असलेल्या कड्यांची, संख्या. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीला बार म्हणतात, बहुतेक बारवर ते मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. पुसले गेले असतील तर मोजून काढता येतात.

पिच काढायला लागोपाठची तीन रिव्हेटं घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला दोननं भागा. नेहमी भेटणारे आकडे १/४, ०.३२५, ३/८ आणि ०.४०४ इंच. नवख्यांची फसगत ३/८ पाशी होते, कारण ती दोन प्रकारची असते: साधी आणि लो प्रोफाइल (कमी उंचीची). लहान मशीनवर बहुधा लो प्रोफाइल असते. स्टिल कंपनी तिला पिको म्हणते. आकडा एकच असला, तरी या दोन चेन एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजेच बारच्या खोबणीत बसणाऱ्या दातऱ्याची जाडी. ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. सुरुवातीला मी १.५ च्या खोबणीत १.३ ची चेन घातली होती. बसली, फिरली, कापलंही. पण खोबणीत ती कलंडत होती आणि प्रत्येक काप एका बाजूला वळत होता. दिवसभर मी त्या ब्रँडला नावं ठेवत राहिलो. चूक मापाची होती.

ड्राइव्ह लिंक मात्र एकेक करून मोजा. बारची लांबी सारखी असली तरी मशीनप्रमाणे ही संख्या बदलते.

चेनवरचे शिक्के वाचायला शिकलात तर बरंच काही कळतं. ओरेगॉन कंपनीच्या ड्राइव्ह लिंकवर मालिकेचा क्रमांक असतो: ९१ म्हणजे ३/८ लो प्रोफाइल, १.३ मिमी, ७२, ७३ आणि ७५ म्हणजे साधी ३/८, अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ मिमी, २०, २१ आणि २२ म्हणजे ०.३२५, त्याच क्रमानं. स्टिलच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवरचा अंक गेज सांगतो, ३ म्हणजे १.३ मिमी आणि ६ म्हणजे १.६ मिमी. पिचचा अंक दातापुढच्या उंचवट्यावर असतो. दुकानाच्या किंवा मशीनच्या नावाखाली विकली जाणारी चेन पुष्कळदा तिसऱ्याच कारखान्यात बनलेली असते. डबा वेगळा दिसला तरी चेन तीच असू शकते, म्हणून डब्याआधी शिक्का बघा.

पायरी २: एकाच जातीच्या चेन एकमेकींशी लावा

चुकीच्या तुलनांचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. कुणी एका कंपनीची फुल चिझल चेन दुसऱ्या कंपनीच्या सेमी चिझलसमोर ठेवतो आणि ‘ही कंपनी वेगवान’ असा निकाल देतो. तो फरक कंपनीचा नसून दाताच्या आकाराचा असतो.

फुल चिझलच्या दाताचा कोपरा चौकोनी, टोकदार असतो. स्वच्छ लाकडात तो सर्रकन शिरतो. पण सगळं काम त्या एका टोकावर असल्यामुळे माती, वाळू किंवा चिखलानं भरलेली साल लागली की ते टोक आधी जातं आणि वेगही लगेच पडतो. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. तो थोडा हळू कापतो, पण धार जास्त वेळ टिकते. धार लावताना हात थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. नवख्या माणसाला मी सेमी चिझलच सुचवतो, मग ब्रँड कोणताही असो.

आणखी तीन गोष्टी सारख्या आहेत का ते पाहा. पहिली, दातांची दाटी. लांब बारसाठी स्किप नावाची चेन मिळते, तिच्यात दात विरळ असतात. दुसरी, कापाची रुंदी. अरुंद चेन कमी लाकूड काढते, म्हणून छोट्या मशीनवर ती जलद वाटते, आणि तिचं श्रेय फुकट ब्रँडला मिळतं. तिसरी, उसळी, म्हणजे बारचं टोक अडकून मशीन अचानक तुमच्याकडे उडणं, कमी करणारी रचना. काही चेनमध्ये दातांच्या मध्ये जादा उंचवटे असतात, ते बारच्या टोकाला लाकूड अचानक अडकू देत नाहीत. ओरेगॉन आणि स्टिल अशा चेनला हिरवी खूण देतात आणि व्यावसायिकांच्या चेनला पिवळी. बारचं टोक लाकडात घुसवताना हिरवी चेन हळू चालते, तो तिचा दोष मानू नका. शिकत असाल तर हिरवीच घ्या.

पायरी ३: कुणाची चेन कशी

आजच्या चेनचा आकार ज्यानं घडवला, तो स्वतः लाकूडतोड करणारा होता. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ज्यो कॉक्स यांनी एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती आपल्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कुरतडत पुढं सरकत होती. त्याआधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे उभे ओरखडत असत. कॉक्स यांनी अळीच्या जबड्यासारखा वक्र दात बनवला, एक डावा, एक उजवा. पुढच्याच वर्षी त्यांनी पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात कंपनी सुरू केली. तीच आजची ओरेगॉन. आज कोणत्याही ब्रँडची चेन हातात घ्या, डावा-उजवा दात तिच्यात दिसणारच.

ओरेगॉनची जमेची बाजू म्हणजे पसारा. जवळपास प्रत्येक मशीनला तिची चेन मिळते, शिवाय हातकानशीला ती सहज दाद देते. कानस दोन-तीनदा फिरवली की धार आलेली बोटाखाली जाणवते. शिकताना हा मोठा आधार असतो. कार्लटन हे अनेकांचं आवडतं नाव २००८ पासून ओरेगॉनच्याच मालक कंपनीकडे आहे.

स्टिल आपल्या चेन स्वित्झर्लंडमधल्या विल या गावी बनवते. माझ्या हाताला तिचा दात अधिक कठीण लागतो. कानस घसरल्यासारखी वाटते, तीन ओढींच्या जागी पाच लागतात. पण आलेली धार टिकते आणि चेन ताणून सैल होण्याचं प्रमाणही मला कमी दिसलं आहे. मात्र बोथट कानशीनं या चेनला धार लावायला बसलात तर वैतागाल. चेनसोबत नवी कानस घ्या आणि ती किमतीत धरा. याच कंपनीच्या हेक्सा चेनला गोल नव्हे तर षट्कोनी कानस लागते, तीही हिशेबात आली पाहिजे.

हुस्कवर्ना बराच काळ दुसऱ्यांकडून चेन बनवून घेत होती. आता एक्स-कट नावाची चेन ती स्वीडनमध्ये स्वतः बनवते. डब्यातून काढल्याबरोबर तिची धार मला फार आवडते. तिच्यातली एक कडी सोनेरी असते. धार लावायला कुठून सुरुवात केली ते तिच्यावरून कळतं. छोटीच सोय, पण साठ-सत्तर कड्यांची चेन धरून बसलेल्या माणसाला तिची किंमत कळते.

उरल्या अनोळखी नावाच्या स्वस्त चेन. त्यांच्याबद्दल एकच एक मत देता येत नाही, कारण त्याच नावाची पुढची चेन वेगळ्या घडणीची निघू शकते. कधी चांगली निघते, कधी पहिल्या तासातच सैल पडते. तिची परीक्षा प्रत्येक वेळी नव्यानं घ्यावी लागते.

कार्बाइडच्या (पोलादापेक्षा खूप कठीण पदार्थाच्या) टोकाच्या चेन या तुलनेत आणू नका. त्या मातकट, घाण लाकडासाठी आहेत. स्वच्छ लाकडात त्या साध्या चेनपेक्षा हळू चालतात आणि त्यांना धार लावायला हिऱ्याचं चाक लागतं.

पायरी ४: लावण्याआधी हातात घेऊन बघा

हातमोजे घालून चेन टेबलावर सरळ पसरा. डावे आणि उजवे दात एका लांबीचे आहेत का बघा. एका बाजूचे आखूड असतील तर काप सरळ न जाता वळेल. मग एकेक कडी वाकवून बघा. प्रत्येक रिव्हेट मोकळं फिरलं पाहिजे. एखादी कडी आखडलेली असली तर चेन बारवर धक्के देत फिरते.

शेवटी दाताची वरची आणि बाहेरची बाजू उजेडात धरा. तिच्यावर क्रोमचा पातळ मुलामा असतो. खरी कापणारी कड हीच, आतलं पोलाद तिला आधार देतं. म्हणूनच कानस नेहमी आतून बाहेर मारायची. मुलामा कडेशी उडालेला दिसला, तर तेवढा भाग घासून मागं गेल्याशिवाय चांगली धार येत नाही. स्वस्त चेनमध्ये मी सगळ्यात आधी हेच बघतो.

पायरी ५: रेकर सारखे करा

प्रत्येक दातापुढं एक छोटा उंचवटा असतो. त्याला डेप्थ गेज किंवा रेकर म्हणतात. दात एका वेळी किती खोल शिरेल ते तो ठरवतो. दाताची कड रेकरपेक्षा साधारण ०.६५ मिमी उंच असावी. एखाद्या कंपनीनं रेकर थोडे जास्त खाली ठेवले तर तिची चेन पहिल्या दिवशी झपाट्यानं कापते, पण मशीनला धक्के देते, लवकर दमवते आणि उसळीचा धोकाही वाढवते. तुलनेत तिला उगाच जास्त गुण मिळतात.

म्हणून सगळ्या चेनचे रेकर मापपट्टीनं तपासा. पट्टीच्या वर डोकावणारे चपट्या कानशीनं घासून एका पातळीवर आणा. एखादीचे आधीच खाली असतील तर तशी नोंद करा, त्या चेनचा नवा वेग निकालात धरू नका.

पायरी ६: मोजणी

मोजणी म्हणजे शर्यत नव्हे. शिरस्त्राण, डोळ्यांचं आणि कानांचं संरक्षण, चेनसॉसाठीचं पायांचं कवच, बूट, हातमोजे, सगळं घाला. ओंडका घोडीवर, म्हणजे लाकूड ठेवायच्या चौकटीवर, पक्का बांधा. चेनला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी मशीन बंद करा. बॅटरीचं असेल तर बॅटरी काढा. घड्याळ धरणारा माणूस तुमच्या बाजूला, लांब उभा राहू द्या. बारच्या रेषेत पुढं किंवा मागं त्यानं कधीही उभं राहू नये, कारण चेन तुटली तर तुकडे त्याच रेषेत उडतात.

मशीन एकच, बार एकच, तेल एकच. सुरुवातीला बारच्या कडांवर झिजून वर आलेली खरखरीत कूस चपट्या कानशीनं काढा. स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, खोल खाचा पडल्या असतील तर ते आधी बदला. झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेनही लवकर खराब करतं, आणि मग दोष चेनच्या माथी येतो. प्रत्येक नवी चेन पाच-सहा हलके काप घेऊन मुरू द्या, थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा बघा. या कापांची वेळ धरायची नाही.

ओंडका सरळ, गाठी नसलेला आणि स्वच्छ सालीचा निवडा. ३० सेंमी व्यासाच्या ओंडक्याचा एक काप म्हणजे सुमारे ७०७ चौरस सेंमी लाकूड. ओंडका एका टोकाला निमुळता असतो, म्हणून प्रत्येक कापाचा व्यास लिहून ठेवा आणि क्षेत्रफळाला सेकंदांनी भागा. तीन सेकंद वाचले यापेक्षा दर सेकंदाला किती चौरस सेंमी कापलं, हा आकडा कामाचा.

दोन चेन असतील तर क्रम असा ठेवा: पहिली, दुसरी, पुन्हा दुसरी, मग पहिली. सगळे काप एका चेननं घेऊन मग दुसरी लावली, तर दुसरीच्या वाट्याला ओंडक्याचं दुसरं टोक, तापलेलं मशीन आणि दमलेले हात येतात. प्रत्येक पाळीत तीन काप घ्या. जोर लावू नका, मशीनच्या वजनानं जेवढं उतरेल तेवढं उतरू द्या. दाबलात तर तुम्ही चेन नाही, स्वतःचे दंड मोजताय.

खाली काय पडतंय तेही पाहा. धार असेल तर जाडसर छिलके पडतात. त्यांचं पीठ व्हायला लागलं की धार गेली. सेकंदांचा आकडा घसरण्याआधी बरेचदा हे पीठच सांगून जातं.

पायरी ७: तिसरी धार

आता त्या चेन रोजच्या कामाला लावा. प्रत्येक चेनसाठी वहीत तीन रकाने करा: किती टाक्या इंधनावर, किंवा बॅटरीच्या किती चार्जवर, धार गेली, ताण किती वेळा द्यावा लागला, धार परत आणायला दाताला कानशीच्या किती ओढी लागल्या. दगड किंवा खिळा लागून धार गेली असेल तर शेजारी फुली मारा. ती नोंद चेनच्या टिकण्यात धरायची नाही.

धार दर वेळी एकाच पद्धतीनं लावा. गोल कानशीचा व्यास चेनप्रमाणे ठरतो: ३/८ लो प्रोफाइलला ४ ते ४.५ मिमी, ०.३२५ ला ४.८, साध्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. नेमका आकडा डब्यावर असतो. ओंडका आडवा कापणाऱ्या बहुतेक चेनना दाताच्या वरच्या कडेचा कोन २५ ते ३० अंश लागतो. प्रत्येक दाताला सारख्याच ओढी मारा, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या बाजूचे. तीन-चार वेळा धार लावून झाली की रेकर पुन्हा मोजा.

तिसऱ्या धारेनंतर पायरी ६ ची मोजणी पुन्हा करा. माझ्या वहीत नेहमी इथंच उलथापालथ होते. डब्यातून काढताना पुढं असलेली चेन मागं पडते, कारण तिची कारखान्यातली धार उत्तम होती पण पोलाद तेवढं नव्हतं. आणि पहिल्या दिवशी सुमार वाटलेली एखादी चेन हातच्या धारेवर वर येते.

पायरी ८: किमतीचा हिशेब

डब्यावरची किंमत सोडून द्या आणि एका टाकीमागं किती पडतं ते काढा. पद्धत कळावी म्हणून मनानं घेतलेले आकडे वापरून सांगतो. ‘अ’ चेनची किंमत १०० मानू, ‘ब’ ची ६०. ‘अ’ एका धारेवर ३ टाक्या चालते आणि दात संपेपर्यंत १२ वेळा धार घेते. मूळची धरून १३ धारा, म्हणजे ३९ टाक्या. टाकीमागं सुमारे २.५६. ‘ब’ एका धारेवर दीड टाकी चालते आणि ८ वेळा धार घेते, म्हणजे ९ धारा, साडेतेरा टाक्या. टाकीमागं सुमारे ४.४४. स्वस्त चेन महाग पडली, आणि तेवढ्याच कामासाठी दुप्पट वेळा कानस घेऊन बसावं लागलं ते वेगळंच.

पण हाच हिशेब उलटाही फिरतो. मुळं काढणं, जमिनीलगतचे बुंधे कापणं, खिळे असण्याची शक्यता असलेलं जुनं लाकूड अशा कामात चेन झिजून मरत नाही, दगड लागून मरते. दहा-बारा धारांपर्यंत ती पोचतच नाही. तिथं महाग पोलादाचे पैसे वसूल होत नाहीत. अशा कामासाठी मी मुद्दाम एक स्वस्त सेमी चिझल वेगळी ठेवतो.

स्वच्छ लाकूड, रोजचं काम आणि कानशीवर बसलेला हात असेल, तर महाग फुल चिझल आपली किंमत फेडते. महिन्यातून एखादा दिवस फांद्या कापणाऱ्याला मधल्या किमतीची, नावाजलेल्या कारखान्याची, हिरव्या खुणेची सेमी चिझल पुरेशी आहे. एकच आवडती चेन ठरली आणि वर्षाला बऱ्याच लागत असतील तर रीळ, म्हणजे न तोडलेल्या लांब चेनचं भेंडोळं, घ्यायचा विचार करा. ३/८ च्या १०० फुटी रिळात ओरेगॉन १६४० ड्राइव्ह लिंक देते, त्यातून ७२ लिंकच्या २२ चेन होतात. त्यासाठी रिव्हेट काढायचं आणि बसवायचं हत्यार घ्यावं लागतं. ते २२ चेनवर वाटून बघा, मग ठरवा.

चेन एकेकटी न घेता दोन किंवा तीन घ्या आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे स्प्रॉकेट आणि चेन जोडीनं झिजतात. साधारण दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदला आणि प्रत्येक धारेच्या वेळी बार उलटा करून लावा, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा सारख्या झिजतील. दाताच्या मागच्या भागावर झिजेची रेघ असते. धार लावता लावता कड त्या रेघेला भिडली, किंवा रेघ नसेल आणि दात ४ मिमी उरला, की वहीत त्या चेनच्या एकूण टाक्या लिहा, चेन उतरवा आणि एक कडी तोडून टाका, म्हणजे चुकून कुणी ती पुन्हा मशीनला लावणार नाही.